शाळेच्या कारभाऱ्यांपुढे विद्यार्थ्याचे बोलणे

(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



झेंडावंदनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात एखादा विद्यार्थी खणखणीत आवाजात भाषण करतो, तेव्हा साऱ्या गावाला कौतुक वाटते. टाळ्या पडतात, कोणी बक्षीस जाहीर करतो आणि गुरुजींना आपल्या श्रमाचे सार्थक झाल्यासारखे वाटते. तोच विद्यार्थी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत उभा राहून ‘मुलींच्या स्वच्छतागृहात दोन महिने पाणी नाही’ असे म्हणाला, तर मात्र सभा एकदम स्तब्ध होते. कोणी अध्यक्षांकडे पाहतो, कोणी मुख्याध्यापकांकडे. ‘हे याला कोणी शिकविले?’ हा प्रश्न प्रथम उमटतो. ‘पाणी का नाही?’ हा प्रश्न मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

या दोन भाषणांत फरक आहे. पहिले पाठ केलेले असते, दुसरे पाहिलेले असते. पहिल्याला वक्तृत्व म्हणतात. दुसऱ्याला निवेदन म्हणता येईल. वक्तृत्वाच्या स्पर्धा भरतात, त्यांना ढाली आणि प्रशस्तिपत्रे मिळतात. निवेदनाला मात्र शाळेत अजून जागा सापडलेली नाही. ती जागा कोणी आणि कशी करून द्यावयाची, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

शाळेचा कारभार स्थानिक मंडळींच्या हाती असावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ‘लोकल बोर्डाची शाळा’, ‘स्कूल बोर्डाचा मास्तर’ हे शब्द जुन्या पिढीच्या तोंडी होतेच. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने जिल्हा शाळा मंडळांची व्यवस्था केली. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने हा कारभार आणखी खाली, प्रत्यक्ष शाळेच्या ओसरीपर्यंत आणला. त्या अधिनियमाच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य आईवडील अथवा पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरले. महाराष्ट्रात समितीची रचना ठरविताना विद्यार्थ्यांनाही, मताधिकाराविना का होईना, स्थान दिले गेले. कागदावर दार उघडले. त्या दारातून मूल आत येऊन बोलते काय, आणि बोलले तर कोणी ऐकते काय, हे मात्र कागद ठरवीत नाही.

दार बंद राहिले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. ते प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावे असे आहे.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाचा एक परगणा आहे. तंबाखू पिकविणारा हा शेतकऱ्यांचा मुलूख. फार्मव्हिल हे त्याचे मुख्य गाव. १९५१ साली तेथे गोऱ्या मुलांची शाळा निराळी आणि कृष्णवर्णीय मुलांची निराळी, असा कायदाच होता. कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कूलला रॉबर्ट रुसा मोटन यांचे नाव दिलेले होते. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर टस्कीगी संस्थेची धुरा वाहणारे हे थोर शिक्षणतज्ज्ञ. नाव मोठे, पण शाळा मात्र अगदी अपुरी. १९३९ साली बांधलेली ही इमारत सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी होती. १९५१ पर्यंत तीत साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. व्यायामशाळा नाही, भोजनगृह नाही, विज्ञानाची प्रयोगशाळा नाही. गोऱ्या मुलांच्या हायस्कूलमध्ये हे सर्व होते.

जागा पुरेना म्हणून शाळा मंडळाने आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून तात्पुरत्या खोल्या उभारल्या. येणारेजाणारे त्यांना कोंबड्यांची खुराडी समजत. प्रत्येक खोलीत ऊब मिळावी म्हणून एक शेगडी असे. शेगडीजवळची मुले भाजून निघत आणि लांबची मुले अंगात कोट घालून कुडकुडत बसत. पाऊस आला की छप्पर गळे. मुलांना नेणाऱ्या मोटारीसुद्धा गोऱ्या शाळेने वापरून टाकलेल्या असत.

याबद्दल कोणी बोलले नव्हते असे नाही. पालक-शिक्षक संघाचे लोक, पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन आणि मुख्याध्यापक बॉइड जोन्स शाळा मंडळाच्या सभांना जात आणि नवी इमारत मागत. मंडळ त्यांचे शांतपणे ऐकून घेई. जागेचा शोध चालू आहे, असे उत्तर मिळे. पुढच्या सभेला पुन्हा तेच उत्तर. अखेर मंडळाने त्यांना सांगितले की, आता सभेला येण्याची गरज नाही. काही ठरले की कळविण्यात येईल. सरकारी भाषेत याला नकार म्हणत नाहीत. पण नकारापेक्षा ही भाषा अधिक घातक असते, कारण नकारावर अपील करता येते, विलंबावर करता येत नाही.

या शाळेत बार्बरा जॉन्स नावाची सोळा वर्षांची मुलगी शिकत होती. अबोल स्वभावाची, पुस्तकांत रमणारी. एके दिवशी तिची मोटार चुकली आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. इतक्यात गोऱ्या मुलांची मोटार समोरून निघून गेली, आणि ती अर्धी रिकामी होती. हा प्रसंग तिने पुढे आपल्या आठवणींत सांगितला आहे. शाळेच्या स्थितीविषयीची आपली व्यथा ती एकदा संगीताच्या शिक्षिकेपाशी बोलली. शिक्षिकेने तिची समजूत घातली नाही, तिला गप्पही केले नाही. मग तूच याबद्दल काहीतरी का करीत नाहीस, असे तिने उलट विचारले. मुलीला प्रथम हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटले. पण ते तिच्या मनातून जाईना. शिक्षकाच्या एका वाक्याचे बळ किती असते, हे पाहावयाचे असेल तर याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

बार्बराने काही विश्वासू विद्यार्थ्यांना एकत्र करून गुपचूप विचारविनिमय केला. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना दूरध्वनीवरून निरोप गेला की, शाळेची काही मुले मोटारीच्या स्थानकावर अडचणीत सापडली आहेत. ते तिकडे धावले. इकडे वर्गावर्गांत चिठ्ठ्या गेल्या आणि सारी शाळा सभागृहात जमली. पडदा सरकला, तो व्यासपीठावर मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा उभी. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली. सभागृहात शांतता राखण्यासाठी तिने पायातील जोडा काढून बाकावर आपटल्याचे सांगतात. मग ती बोलली. शाळेची स्थिती सर्वांच्या डोळ्यांपुढची होती, ती तिने शब्दांत मांडली. वडील माणसे मागणी करून थकली, आता नवी इमारत मिळेपर्यंत वर्गात बसावयाचे नाही, असे तिने सुचविले. साडेचारशे मुले शाळेबाहेर पडली.

येथे क्षणभर थांबावे लागते. खोटा निरोप धाडणे आणि मुख्याध्यापकांच्या नावाने चिठ्ठ्या पाठविणे ही रीत कोणत्याही शिक्षकाला रुचणार नाही, आणि ती अनुकरणासाठी येथे सांगितलेलीही नाही. परंतु दोष मोजताना क्रम चुकू नये. वडीलधाऱ्यांनी सरळ दारावर पुष्कळदा थाप मारली होती आणि ते दार आतून बंद झाले होते. सरळ वाट बंद झाली की मुले आडवाट धरतात. आणि मग ज्यांनी वाट बंद केली तेच आडवाटेबद्दल मुलांना बोल लावतात.

विद्यार्थ्यांचे शिष्टमंडळ शाळा अधीक्षकांना भेटले. आधी वर्गात परत जा, असे त्यांना बजावण्यात आले. दरम्यान मुलांनी ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांना साहाय्यासाठी पत्र लिहिले होते. वकील आले. त्यांनी सांगितले की, केवळ नव्या इमारतीसाठी ते लढणार नाहीत. गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याच्या पद्धतीलाच आव्हान द्यावयाचे असेल तर ते उभे राहतील. गावच्या चर्चमध्ये सभा झाल्या. तेथे बार्बरा मोठ्या माणसांपुढेही बोलली. दोन आठवड्यांनी मुले वर्गात परत गेली आणि २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने परगण्याच्या शाळा मंडळाविरुद्ध दावा दाखल झाला. पहिले नाव डोरोथी डेव्हिस या विद्यार्थिनीचे, म्हणून तो डेव्हिस खटला म्हणून ओळखला जातो.

कनिष्ठ न्यायालयात १९५२ साली निकाल विरुद्ध गेला. परंतु १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरविले, त्या ‘ब्राउन’ निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी हा एक होता. आणि त्या पाचांत विद्यार्थ्यांनी स्वतः सुरू केलेला असा हा एकच. गंमत अशी की, वर्षानुवर्षे जागेचा शोध करणाऱ्या त्याच मंडळाला मुलांच्या बहिष्कारानंतर जागाही सापडली आणि पैसाही सापडला. १९५३ साली नवी मोटन शाळा उभी राहिली. अर्थात तीही वेगळीच ठेवलेली. जी गोष्ट अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती इच्छा होताच दोन वर्षांत झाली.

पण या बोलण्याची किंमतही मोठी होती, आणि ती लपवून ठेवणे शिक्षकाला शोभणार नाही. मुलीच्या जिवाची काळजी वाटून घरच्यांनी तिला दूर अलाबामात चुलत्याकडे पाठविले. मुख्याध्यापकांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. पुढे, गोरी व काळी मुले एका शाळेत बसविण्याची वेळ आली तेव्हा, १९५९ साली परगण्याच्या कारभाऱ्यांनी शाळांना पैसा देण्याचेच नाकारले आणि सर्व सरकारी शाळांना कुलूप लागले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही नातेवाइकांकडे परगावी गेली, काही चर्चच्या तळघरांत जमेल तसे शिकली आणि कित्येकांचे शिक्षण कायमचे तुटले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर शाळा पुन्हा उघडल्या. पाच वर्षांत इयत्ता पहिलीचे मूल सहावीत जावयाचे. येथे ते होते तेथेच राहिले. २००४ साली व्हर्जिनिया राज्याने या शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा ती मुले म्हातारपणाकडे झुकली होती.

बार्बरा जॉन्स पुढे ग्रंथपाल झाली आणि १९९१ साली निवर्तली. वॉशिंग्टनच्या संसद-भवनात व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला सेनापती ली यांचा पुतळा २०२० साली हलविण्यात आला आणि त्या जागी उभारण्यासाठी राज्याने या मुलीची निवड केली. जिचे बोलणे तिच्या गावच्या शाळा मंडळाला नकोसे झाले होते, ती साऱ्या राज्याची प्रतिनिधी ठरली.

मराठी मुलखातही एका विद्यार्थिनीने असेच पाहिलेले आणि सोसलेले सांगितले होते, आणि तेही शंभर वर्षे आधी. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील मुक्ता नावाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. आपल्या लोकांना विद्येपासून दूर कसे ठेवले, त्यांचे हाल कसे झाले, हे तिने कोणाची भीड न धरता लिहिले. तो निबंध टिकला, कारण तिला असे गुरू लाभले की ज्यांनी तिचे लिहिणे सौम्य करून घेतले नाही आणि असे पत्र लाभले की ज्याने ते छापले. मुलाच्या बोलण्याला दोन माणसे लागतात: एक बोलू देणारा आणि एक ऐकून घेणारा. बहुतेक शाळांत या दोन्ही जागा शिक्षकालाच भराव्या लागतात.

मग शिक्षकाने प्रत्यक्ष काय करावे? काही गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, समितीपुढे कोण बोलणार हे वर्गाला ठरवू द्यावे. शिक्षकाने निवडलेला हुशार, चुणचुणीत मुलगा पुष्कळदा शिक्षकाला आवडेल तेच बोलतो. वर्गाने निवडलेली मुलगी कदाचित अडखळेल, पण वर्गाचे बोलेल. आणि प्रतिनिधीत एक तरी मुलगी असावीच. कारण मुलींच्या अडचणी मुलगा सांगू शकत नाही आणि पुरुष सदस्याला त्या सुचतही नाहीत.

दुसरी गोष्ट, भाषण लिहून देऊ नये. त्याऐवजी तीन प्रश्न द्यावेत: काय पाहिले, केव्हापासून पाहिले आणि काय झाले म्हणजे बरे होईल. समजा, एखाद्या वाडीवरची मुले ओढा ओलांडून शाळेत येतात. त्यांनी पावसाळ्यातील हजेरीपट पाहावा, ओढ्याला पाणी आले त्या दिवसांची यादी करावी, त्या दिवशी किती मुले आली नाहीत ते मोजावे. अशी मोजणी हेच गणित, तिची नोंद हीच भाषा आणि सभेपुढे ते मांडणे हेच नागरिकशास्त्र. अभ्यासक्रमाबाहेरचे यात काहीच नाही.

तिसरी गोष्ट, मूल ज्या बोलीत बोलेल त्या बोलीत त्याला बोलू द्यावे. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, गोंडी, कोरकू किंवा भिली असो. सभेत उभ्या राहिलेल्या मुलाचे उच्चार सुधारणे म्हणजे त्याला खाली बसविणे होय. शुद्धलेखनाचा तास दुसऱ्या दिवशीही घेता येतो.

चौथी गोष्ट अधिक नाजूक आहे. शिक्षकाने आपले गाऱ्हाणे मुलाच्या तोंडी घालू नये. बदली, वेतन, गावच्या पुढाऱ्याशी असलेले वितुष्ट, हे विषय मोठ्यांचे आहेत. ते मोठ्यांनी स्वतःच्या नावाने मांडावेत. फार्मव्हिलच्या मुलांवरही ‘यांना मोठ्यांनी फितविले’ असा आरोप झाला होता. तो टिकला नाही, कारण बोलणे त्यांचे स्वतःचे होते. जे बोलणे उसने असते ते पहिल्याच उलट प्रश्नाला गळून पडते, आणि त्या मुलाचा पुन्हा बोलण्याचा धीरही त्याबरोबर जातो.

पाचवी गोष्ट, मूल जे बोलले ते सभेच्या इतिवृत्तात त्याच शब्दांत नोंदवावे. त्यापुढे समितीने काय ठरविले आणि कोणी किती दिवसांत करावयाचे, हे लिहावे. पुढच्या आठवड्यात परिपाठाच्या वेळी त्याचे उत्तर साऱ्या शाळेला सांगावे. उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल. पण कारणासह असावे. एवढा पैसा नाही, तो मिळण्यासाठी अमुक ठिकाणी मागणी केली आहे, असे प्रामाणिकपणे सांगितले तर मूल निराश होत नाही. विचारलेल्या गोष्टीला उत्तरच न मिळणे, हे मात्र मूल कधी विसरत नाही. अधिनियमाच्या कलम २२ अन्वये समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो. मुलांनी मोजून आणलेली माहिती त्या आराखड्यात गेली, तर ती नुसती तक्रार उरत नाही.

शेवटची गोष्ट, बोललेल्या मुलाला त्या बोलण्याचा त्रास होणार नाही, याची हमी शिक्षकाने घ्यावी. सभेत अप्रिय बोललेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात टोमणा ऐकावा लागला, तर पुढच्या दहा वर्षांत त्या शाळेत कोणी बोलणार नाही. असा एक टोमणा पुरतो. त्याची भरपाई करावयास पुष्कळ वर्षे लागतात.

‘मुले लहान आहेत, त्यांना काय कळते?’ असे कोणी म्हणेल. इमारतीच्या अंदाजपत्रकातील त्यांना कळत नाही, हे खरे. पण छप्पर कोठे गळते, हे त्या छपराखाली रोज सहा तास बसणाऱ्याइतके कोणाला कळणार? बालकांशी संबंधित बाबतीत त्यांचे म्हणणे ऐकून त्यांच्या वयानुसार व समजुतीनुसार त्याला योग्य ते महत्त्व द्यावे, असे १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या अनुच्छेदात सांगितले आहे; भारताने ती संहिता १९९२ साली मान्य केली. तेव्हा मुलांचे ऐकणे हा आता केवळ मोठ्यांच्या मनाच्या मोठेपणाचा प्रश्न उरलेला नाही. ते कर्तव्य आहे.

फार्मव्हिलच्या शाळा मंडळाने पालकांना ‘आता येऊ नका’ असे सांगितले नसते, आणि एखाद्या सभेत त्या सोळा वर्षांच्या मुलीला समोर बसवून ‘तुझ्या वर्गात काय होते ते सांग’ असे विचारले असते, तर एका परगण्याच्या मुलांची पाच वर्षे कदाचित वाचली असती. मंडळाजवळ अधिकार होता, पैसा मिळविण्याची शक्ती होती. ऐकून घेण्याची सवय तेवढी नव्हती. ही सवय मोठेपणी लागत नाही. आज वर्गात बसलेली मुलेच उद्या पालक होतील, समितीत बसतील, ग्रामसभेत हात वर करतील. कोणी आपले म्हणणे शांतपणे ऐकले होते, ही आठवण ज्याच्याजवळ असते, तोच पुढे दुसऱ्याचे ऐकतो.

म्हणून समितीची पुढची सभा भरेल तेव्हा विषयपत्रिकेत ‘विद्यार्थ्यांचे निवेदन’ हा एक विषय घालावा, आणि तो शेवटी नव्हे, तर प्रारंभी घ्यावा. शेवटी घेतल्यास सदस्य उठू लागलेले असतात. मूल उभे राहील. कदाचित त्याचा आवाज कापेल. सभेने त्या वेळी घड्याळाकडे पाहू नये. मूल बोलेल ते ऐकून घ्यावे आणि त्याला उत्तर द्यावे.